रात्री दारे धरताना डोक्यावर लावायचा दिवा : रचना कशी असावी?

पाटपाणी (अहिल्यानगर जिल्हा) :

नमस्कार. माझे मोटर रिवाइंडिंगचे छोटे दुकान आहे आणि घरची चार एकर बागायत आहे. आमच्या फीडरवर शेतीपंपांना थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते, म्हणजे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की दहाच्या सुमारास मोटर सुरू होते आणि पहाटे सहापर्यंत कोणीतरी रानात जागे राहून दारे धरावी लागतात, म्हणजे पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवावे लागते. एका हातात खोरे आणि दुसऱ्या हातात बॅटरी (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, त्यामुळे आतल्या सेलला मी पुढे सेलच म्हणेन) अशी कसरत सगळेच करतात. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून आमच्या शेतकरी गटासाठी डोक्यावर लावायचे पन्नास दिवे दुकानातच तयार करावेत असे मनात आहे. बाजारात मिळणारे स्वस्त दिवे मी दुरुस्त करून पाहिले. पहिल्या पावसात त्यांचे खटके जातात आणि पट्टा दोन महिन्यांत सैल होतो.

एक नमुना तयार करून मी तो तीन आठवडे वापरला. त्यात तीन वॅटची पांढरी एलईडी, ७०० मिलीअँपिअरचा ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक प्रवाह पुरवणारे सर्किट), २६०० मिलीअँपिअर-तासांचा १८६५० आकाराचा एक लिथियम सेल आणि अॅल्युमिनियमचे आवरण आहे. सगळे कपाळावरच आहे आणि वजन १६० ग्रॅम भरले. उजेड भरपूर पडतो, पण चार अडचणी आल्या. दिवा रात्री पावणेदोनच्या सुमारास कोणतीही सूचना न देता एकदम विझतो, आणि एकदा तो मी विहिरीच्या काठावर असताना विझला. पाऊण तासात मान अवघडते. पाऊस पडून गेल्यावर पाखरे आणि किडे थेट डोळ्यांत येतात. चौथी अडचण मला अजून उलगडलेली नाही. हातातल्या जुन्या मिणमिणत्या बॅटरीने बांधावरचा खड्डा किंवा ढेकूळ जसे उठून दिसत असे, तसे या तिप्पट उजेडात दिसत नाही. गेल्या आठवड्यात बांधावर वेटोळे घालून बसलेली घोणस मला दोन पावलांवर आल्यानंतर, तीही फुत्कारल्यामुळे कळली. दिवा तिच्यावरच होता.

उजेड आणखी वाढवावा का? की मी काही मुळातच चुकीचे करतो आहे?

मंदप्रकाश (पुणे) :

आपली चौथी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. उजेड वाढवून ती सुटणार नाही. एखादी वस्तू जमिनीवर उठून दिसते ती तिच्या सावलीमुळे. दिवा कपाळावर असला की उजेडाची दिशा आणि नजरेची दिशा जवळजवळ एकच होते, आणि प्रत्येक सावली त्या वस्तूच्या नेमकी मागे, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला पडते. खड्डा, ढेकूळ, दोरी आणि साप हे सगळे एकाच सपाट चित्रासारखे दिसू लागतात. घोणशीच्या अंगावरचे तपकिरी ठिपके तर पालापाचोळ्यात मिसळून जाण्यासाठीच असतात. तिला ओळखायला अंगाची गोलाई दिसावी लागते आणि गोलाई दाखवते ती सावली. जुनी बॅटरी आपण कमरेच्या उंचीवर धरत होता, त्यामुळे तिचा उजेड जमिनीला घासून जात होता आणि डोळे त्याच्या दोन-अडीच फूट वरून पाहत होते. फरक एवढाच आहे. पावसात किंवा धुक्यात हेच कारण उलट रूपात त्रास देते, कारण डोळ्यांलगतच्या दिव्याचा उजेड थेंबांवरून सरळ डोळ्यांत परत येतो.

तेव्हा माझे मत असे की डोक्यावरचा दिवा हातातल्या कामासाठी ठेवावा आणि चालण्यासाठी कमरेला किंवा त्याहून खाली दुसरा, लहान दिवा असावा.

आता वेळेचा हिशेब पाहू. २६०० भागिले ७०० म्हणजे सुमारे पावणेचार तास. दहा वाजता लावलेला दिवा पावणेदोनला विझतो यात सेलचा काहीही दोष नाही. प्रवाह ३५० वर आणला तर तोच सेल सुमारे सात तास पंचवीस मिनिटे चालेल. एवढ्या प्रवाहात एक वॅटच्या आसपास शक्ती खर्च होते आणि बऱ्या प्रतीची एलईडी शंभराहून थोडे अधिक लुमेन (एकूण उजेडाचे माप) देते. हे पुरेसे आहे का, हे लुमेनवरून कळत नाही, तो उजेड किती कोनात पसरतो यावरून कळते. शंभर लुमेन साठ अंशांच्या शंकूत समान पसरले तर एका दिशेतली तीव्रता सुमारे १२० कँडेला होते आणि तीन मीटरवरच्या पृष्ठभागावर तेरा लक्स उजेड पडतो. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर पाव लक्सच्या आसपास उजेड असतो, यावरून तेरा म्हणजे किती हे लक्षात येईल. तेच शंभर लुमेन दहा अंशांच्या भिंगातून सोडले, तर साठ अंशांत जेमतेम बावीस मीटर जाणारा उजेड, भिंगातली घट धरूनही, शंभर मीटरपर्यंत पोहोचतो. खोक्यावर छापलेला 'दोनशे मीटर' हा आकडा पाव लक्स उरेपर्यंतचे अंतर असते आणि 'दहा तास' हा आकडा उजेड मूळच्या एक दशांश होईपर्यंतचा असतो. मोजणीची पद्धतच तशी आहे, पण घेणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

एकदम विझण्याचे कारण बहुधा आपला ड्रायव्हर आहे. व्होल्टेज वाढवून देणारे ड्रायव्हर सेलला शेवटच्या थेंबापर्यंत पिळतात आणि मग सेलमधले संरक्षक सर्किट एकाएकी पुरवठा तोडते. त्याऐवजी एएमसी ७१३५ ही साधी, ३५० मिलीअँपिअरची चिप वापरून पाहा. सेल भरलेला असताना ती थोडी शक्ती उष्णतेत घालवते, हे खरे. पण सेलचे व्होल्टेज एलईडीच्या गरजेजवळ आले की उजेड आपोआप मंदावू लागतो, आणि हा मंदावणारा उजेडच माणसाला घराकडे वळायला सांगतो. उजेड कमी करण्यासाठी प्रवाह वेगाने चालू-बंद करणार असाल, तर ती गती काही हजार हर्ट्झच्या वर ठेवा. शंभर-दोनशे हर्ट्झवर लुकलुकणाऱ्या उजेडात फिरती पुली किंवा पंख्याची पाती थांबल्यासारखी दिसू शकतात, आणि तुमच्या धंद्यात याचा अर्थ काय होतो हे मी सांगायला नको.

रात्रीची नजर टिकवण्यासाठी एक लाल एलईडीही द्यावी. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी मेहनत घालवतो.

लॅम्परूम (चंद्रपूर) :

मी भूमिगत कोळसा खाणीत नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे लॅम्प रूममध्ये, म्हणजे कामगारांचे दिवे सांभाळून पाळीला देण्याच्या खोलीत गेली. डोक्यावरच्या दिव्याचे सर्वांत जुने घर खाण हेच आहे, म्हणून थोडे लिहितो.

पूर्वी ज्योतीचे दिवे होते. खाणीतला मिथेन हवेत पाच ते पंधरा टक्के असला की भडका उडतो, म्हणून १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची जाळी बसवली. स्फोट कमी झाले, पण उजेड इतका मंद की इंग्लंडमधल्या कामगारांना डोळे सतत थरथरण्याचा विकार जडू लागला. पुढे १९१४-१५ च्या सुमारास एडिसन यांचा विजेचा टोपीदिवा अमेरिकेतल्या खाणींत आला, आणि त्यात सेल कमरेच्या पट्ट्यावर, दिवा टोपीवर आणि मधे पाठीवरून जाणारी केबल ही जी मांडणी ठरली, ती मी नोकरीला लागलो तेव्हाही तीच होती. आमच्या शिशाच्या सेलचे वजन दोन किलोंहून अधिक असे. पण ते कमरेवर असल्याने माणूस आठ तासांची पाळी करून वर येई, आणि मान दुखण्याची तक्रार माझ्या खिडकीपाशी क्वचितच आली. तुमचे १६० ग्रॅम मान अवघडवतात, कारण ते सगळे मणक्याच्या पुढे लटकतात. सेल निदान डोक्याच्या मागच्या बाजूला न्या म्हणजे तोल साधेल. कमरेवर नेलात तर सेल एकाऐवजी दोन लावता येतील आणि तिथेच 'मंदप्रकाश' म्हणतात तो खालचा दिवाही बसेल.

दुसरी गोष्ट अशी की आमच्या दिव्याच्या बल्बमध्ये दोन तारा असत. एक उडाली की खटका फिरवून दुसरीच्या उजेडात खाणीबाहेर यायचे. दुसऱ्या तारेवर काम करायला परवानगी नव्हती. ड्रायव्हर कोणताही वापरा, पण त्याला पूर्णपणे वगळून, केवळ एका रोधामार्गे (रेझिस्टरमार्गे) सेलला जोडलेली पाच मिलीमीटरची एक साधी एलईडी आणि तिचा वेगळा खटका ठेवा. खर्च दोन-चार रुपये येईल.

हेल्मेटवर दिवा बसवायचा विचार कोणी करत असेल तर हेल्मेटला भोक पाडू नये. भोकापासून तडा जातो आणि आघात झेलण्याची त्याची क्षमता संपते. कडेला अडकवायची क्लिप वापरावी.

आणि हे तुमच्या प्रश्नात नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या विहिरीत किंवा गोबरगॅसच्या टाकीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची आपल्याकडे रीत होती, आणि कंदील विझला तर कोणी उतरत नसे. ही परीक्षा अपुरी आहेच, कारण विषारी वायू असूनही ज्योत जळत राहू शकते, आणि मिथेन साचलेल्या गोबरगॅसच्या टाकीत ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला बोलावणे आहे. पण निदान हवा वाईट असू शकते ही शंका तरी त्या रीतीत जिवंत होती. डोक्यावरचा एलईडी दिवा हवा कितीही वाईट असली तरी तसाच लख्ख जळत राहतो, आणि हात मोकळे असल्याने माणूस बिनधास्त उतरतो. तुमच्या दिव्याचा खटका आणि सेलचे जोड खाणीच्या दिव्यासारखे ठिणगीविरोधी नसतील. तो टाकीत न्यायचा नाही, असे दिव्यावरच मराठीत ठळक छापा.

ऊसकाठ (जुन्नर तालुका) :

आमच्याकडे दारे धरायला घरात पाळ्या आहेत आणि बाईमाणूस म्हणून मला कधी सूट मिळालेली नाही, त्यामुळे वापरणारी म्हणून लिहिते. दोन्ही सरांचे म्हणणे मला पटले, तरी काही बाबतींत रानातला अनुभव वेगळा आहे.

दूरचा उजेड डोक्यावरच हवा. आमच्या भागात बिबट्या उसात राहतो, अगदी पिल्लांसकट. त्याचे अंग काळोखात दिसत नाही, दिसतात ते चमकणारे डोळे. आणि डोळ्यांच्या मागच्या पडद्यावरून उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जात असल्यामुळे, दिवा आपल्या डोळ्यांजवळ असेल तरच ती चमक नीट दिसते. कमरेच्या बॅटरीने न दिसलेले डोळे डोक्यावरच्या दिव्याने दिसल्याचे मी स्वतः अनुभवले आहे. सापाचे डोळे मात्र असे चमकत नाहीत. म्हणजे बिबट्यासाठी दिवा वर हवा आणि सापासाठी खाली, आणि एकाच दिव्यात दोन्ही होणार नाही, हे मला या चर्चेतून पहिल्यांदा नीट समजले.

केबलला माझा विरोध आहे. वाढलेल्या उसात शिरल्यावर पाती आणि वाळलेले पाचट प्रत्येक लोंबत्या गोष्टीला धरतात. शिवाय पदर, ओढणी किंवा मफलर मोटरच्या फिरत्या भागात गुंतण्याची भीती आम्हाला आधीच असते, त्यात गळ्याजवळून जाणारी वायर नको. केबल ठेवायचीच असेल तर झटका बसताच सुटणारा जोड मानेपाशी असला पाहिजे. त्यापेक्षा दोन सुटे, स्वतंत्र दिवे बरे. एक बंद पडला तर दुसरा राहतो, आणि घरात एकच माणूस बाहेर जात असेल तेव्हा दुसरा गोठ्यात कामाला येतो.

खटका एकच असावा, मोठा असावा आणि चिखलाने भरलेल्या बोटांना कळेल असा उंच असावा. तीनदा दाबले की लाल आणि पाच सेकंद धरले की लुकलुक, असल्या गोष्टी रात्री तीन वाजता आठवत नाहीत. खटका दाबल्यावर सर्वांत आधी मंद उजेड लागावा. आधी प्रखर लागला की समोरच्या सोबत्याचे डोळे दिपतात. सोबत असते तेव्हा आम्ही एकमेकांशी बोलताना मान खाली घालतो, दिवा लावणाऱ्यांची ही सवयच होऊन जाते.

पट्टा कपाळाला टेकतो तिथे कापडी इलॅस्टिक घामाने सडते. टोपी, उपरणे, डोक्यावरून घेतलेला पदर, पावसातली प्लास्टिकची खोळ या सगळ्यांवर तो घसरू नये म्हणून आतून रबराच्या दोन बारीक रेघा असाव्यात. मागच्या बाजूला एक लाल ठिपका द्या, कारण पाठमोरा माणूस उसाच्या वाटेवर ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही.

किड्यांबद्दल सांगायचे तर, पिवळसर उजेडाला ते बरेच कमी येतात. निळसर पांढऱ्याला सर्वांत जास्त.

आणि दिवा कितीही चांगला झाला तरी गमबूट आणि काठी सुटणार नाही. काठी आपटत चालल्याने जो साप वाटेतून निघून जातो, तो पाहण्याची गरजच उरत नाही. दिवसा वीज मिळाली तर हा दिवाही नको, पण ती चर्चा वेगळी आहे.

पाटपाणी :

तिघांचेही मनापासून आभार. पहिल्या उत्तरानंतर मी त्याच रात्री एक प्रयोग केला. बांधावर सुतळीचे वेटोळे, एक वीट आणि सायकलची जुनी ट्यूब ठेवून आधी डोक्यावरच्या दिव्याने आणि मग तोच दिवा गुडघ्याच्या उंचीवर धरून पाहिले. डोक्यावरून पाहताना ट्यूब चार पावलांवर कळली. खालून उजेड टाकल्यावर ती बारा-तेरा पावलांवरूनच ओळखू आली, कारण तिची सावली तिच्यापेक्षा लांब पडली होती. मुलाला काही न सांगता त्याच्याकडूनही करून घेतले, फरक तसाच आला.

लाल एलईडीबद्दल मात्र मी सहमत नाही. स्टार्टरच्या पेटीत लाल, पिवळ्या आणि निळ्या फेजच्या वायरी असतात. लाल उजेडात लाल आणि पिवळी सारखीच फिकट दिसते आणि निळी काळी दिसते. रात्री फ्यूज गेल्यावर ४१५ व्होल्टच्या पेटीत असा उजेड घेऊन डोके घालणे मला मान्य नाही. उलट त्या कामासाठी रंग खरे दाखवणारी, नव्वदच्या वर रंगनिर्देशांक असलेली एलईडी घ्यावी असे वाटते. त्यात उजेड थोडा कमी मिळतो, पण पेटी हातभर अंतरावर असते. याच कारणासाठी अॅल्युमिनियमचे आवरणही सोडून देतो. पट्ट्यातून निसटून धातूचा दिवा पेटीत पडला तर काय होईल, हा विचार मी आधी करायला हवा होता. एक वॅटला प्लास्टिकच्या आवरणात आत छोटी धातूची पट्टी पुरेल ना?

आता ठरवलेली रचना अशी आहे. डोक्यावर पिवळसर, पसरट उजेडाची एलईडी आणि मधोमध अरुंद भिंगाची दुसरी, दोन्ही एका वेळी लागणार नाहीत. सेल मागे, त्याच्यावर लाल ठिपका. एकूण वजन ११० ग्रॅमच्या आत. कमरेला किंवा गमबुटाच्या वरच्या कडेला अडकवता येईल असा दुसरा दिवा, सेल त्याच आकाराचा, म्हणजे अदलाबदल करता येईल. दोन्हींत थेट सेलवरची एक जादा एलईडी. टाकीत न नेण्याची सूचना छापून घेतो.

एक शंका उरली आहे. उन्हाळ्यात दिवे पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेले राहतात आणि लोक तिथेच चार्जिंगला लावतात. लिथियम सेलला हे झेपेल का?

मंदप्रकाश :

लाल उजेडाचा मुद्दा मी मागे घेतो. तो मी डोंगरात रात्री चालणाऱ्यांच्या सवयीने लिहिला होता. आपला विटेचा प्रयोग फार आवडला.

धातूची पट्टी पुरेल, फक्त एलईडीची पाटी तिला उष्णतावाहक लेप लावून घट्ट बसवा आणि पट्टीचा कोणताही भाग कपाळाकडे उघडा ठेवू नका.

चार्जिंगबद्दल आपली शंका रास्त आहे. साधारण लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तापमान तेवढे सहज होते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचा सेल याच आकारात मिळतो. तो तापमान अधिक सोसतो, पेट घेण्याचा धोका बराच कमी असतो आणि दोन हजारांच्या आसपास वेळा चार्ज होतो. मात्र त्याची धारणाशक्ती साधारण १५०० मिलीअँपिअर-तासच असते आणि व्होल्टेज ३.२ असल्याने एएमसी ७१३५ ला जेमतेम पुरते, म्हणून तीन व्होल्टच्या खाली चालणारी एलईडी निवडून घ्यावी लागेल. ३५० मिलीअँपिअरवर तो सव्वाचार तास देईल. फॉस्फेट सेलला वाटेल तो चार्जर चालत नाही, ३.६ व्होल्टला थांबणाराच हवा. गटातल्या कोणी मोबाइलच्या सेलचा चार्जर लावला तर घोळ होईल, म्हणून चार्जिंगचे सर्किट दिव्यातच बसवा.

ऊसकाठ :

सव्वाचार तास चालेल. रात्रभर दिवा सतत कोणीच लावत नाही. वाफा भरायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ आम्ही दिवा मालवून बांधावर बसतो. शिवाय दोन दिव्यांत दोन सेल असतील तर कमरेचा सेल पहाटेसाठी राखून ठेवता येईल. फक्त सेल बदलायचे झाकण अंधारात, ओल्या हाताने, स्क्रू न लागता उघडले पाहिजे, आणि सेल उलटा बसणारच नाही असा त्याचा खाचा असू द्या. पहिले दोन तयार झाले की आमच्याकडे पाठवा. या महिन्यात आमची रात्रीची पाळी सोमवारपासून आहे.